नदीकडचं रान

येळवसंच्या दिवशी, म्हणजे वेळा अमावस्येला, तेरमध्ये कुणी घरात सापडलंच, तर एक तर ते आजारी असतं, नाही तर भांडून बसलेलं असतं. बाकी झाडून सगळं गाव रानात. दुकानांना कुलपं, एसटी रिकामी, आणि ज्या त्या शिवारात कडब्याची खोपटासारखी कोप, कोपीत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव, नि कोपीपुढं पालेभाज्या नि हिरव्या दाण्यांच्या भज्जीची पातेली. वर आणखी दिसेल त्या वाटसरूला हात धरून जेवायला बसवायचं. त्यात ज्ञानोबांच्या नदीकडच्या रानात यंदा थेट विद्यापीठातले पाहुणे येणार होते. मग काय विचारता! त्यांच्या बायकोनं, धुरपदाबाईंनी, पहाटेपासून घर डोक्यावर घेतलं होतं.

"वर्षे, आंबिलीत ताक बेतानं वत गं. सायेब लोकांचं पोट नाजूक आसतंय."

"सायेबांचं पोट काय काचेचं हाय व्हय, आत्याबाई?" सून वर्षाराणी म्हणाली, पण हात आखडता घेतलाच.

पाहुण्यांना बोलावणं धाडलं होतं कुलदीपनं. ज्ञानोबांची थोरली लेक दीपमाला, तिचा हा धाकटा भाऊ. शेती बघायचा, गावात चार माणसांत उठबस होती, आणि बहिणीवर त्याचा जीव होता. जीव इतका, की त्यानं जीप डांबरी रस्त्यावर न थांबवता सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या वावरातून थेट कोपीच्या तोंडाशी नेली, प्लास्टिकची खुर्ची सावलीत मांडली आणि बहिणीला हाताला धरून तिच्यात बसवलं.

"बस अक्का. काय लागलं तर हाक मार. उठू नको."

दीपमाला बसली. पांडवांच्या ओळीत सहावा पांडव बसावा तशी. नैवेद्य दाखवायचा तेवढा राहिला होता.

लहानपणी पोलिओनं तिचा उजवा पाय पार वाळवला होता, डावा अर्धामुर्धा ठेवला होता. एका पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, एका हाताला कुबडी, एवढ्यावर ही बाई विद्यापीठात प्राचीन इतिहासाची प्राध्यापक झाली होती. बिनलग्नाची राहिली, स्वतःच्या घरात राहिली, पोरं शिकवली. आणि आज ती येळवस खायला आली नव्हती. तिला तिच्या विभागप्रमुखांना एक गोष्ट विचारायची होती. ऑफिसात विचारायला गेलं की तिथं चहा यायचा, शिपाई यायचा, कुणाचा तरी फोन यायचा आणि गोष्ट राहून जायची. इथं फोन यायला रेंजच नव्हती.

गोष्ट अशी होती. येत्या सोमवारपासून तेरणेच्या काठानं पाहणी सुरू होणार होती. नदीकडची रानं हातान् हात बघायची, वर आलेली खापरं, विटा, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे जिथल्या तिथं टिपून घ्यायचे. हे सगळं दीपमालेच्या डोक्यातून निघालेलं. चालत चालत वरून बघायचं नाही, तर खुरपणीच्या बाया जशा पात धरून बसून पुढं सरकतात तसं बसून बघायचं, ही युक्ती तिची. तिच्याच गावचं रान, तिचीच नदी. मोठ्या समितीनं त्या युक्तीचं कौतुक केलं, मंजुरी दिली, आणि पाहणीचा प्रमुख म्हणून नाव आलं अमरनाथचं. अमरनाथ तिचाच विद्यार्थी, आता विभागातला सगळ्यात धाकटा मास्तर. दीपमालेचं नाव पथकात कुठंच नव्हतं. ना वर, ना खाली.

विद्यापीठात तिला कुणी वाईट वागवलं, असं तिला शपथेवर सांगता आलं नसतं. सगळी मेख तिथंच होती! वाईट वागवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ती दिसली की माणसं खुर्ची पुढं करायची. जिन्यात पोरं पिशवी हिसकावून घ्यायची. नॅकची समिती येणार म्हणून मागच्या दारी उतरण बांधली होती, ती एवढी उभी की तिच्यावरून फक्त शिपायांच्या मोटरसायकली चढायच्या. तीही म्हणे मॅडमसाठीच. दर डिसेंबरात दिव्यांग दिनाला तिला स्टेजवर बोलवायचे, शाल द्यायचे, जिद्दीवर बोला म्हणायचे. सातवाहनांवर बोला असं त्या दिवशी कधी कुणी म्हणालं नाही. ती बिचारी जिद्दीवर बोलायची. घरी आली की शाल कपाटात फेकायची.

तरी आधीच्या प्रमुखांच्या काळात ती उत्खननाला जायची. खड्ड्यात उतरून बसायची, कॅलिपर काठावर काढून ठेवायची आणि दिवसभर लहान करणीनं माती खरवडत राहायची. मग एका हंगामात विश्रामगृहाच्या न्हाणीघरात ती ओल्या फरशीवरून घसरली आणि मनगट मोडलं. झालं! पडली फरशीवर आणि बंदी आली मातीची. तेव्हापासून तिला टेबल मिळालं. पोरं ट्रे भरभरून खापरं आणायची आणि ती ओळखायची. हा रांजणाचा काठ, ही तोटी, हे बाहेरून आलेलं भांडं.

"हे मातीत पालथं होतं की उताणं?" ती विचारायची.

"लक्षात नाही मॅडम."

"शेजारी राख होती का रे?"

"बहुतेक होती मॅडम."

मग पोरं रात्रीच्या शेकोटीचे, करपलेल्या भाताचे किस्से सांगायची आणि आपसात हसायची, आणि दीपमाला ट्रेमधल्या खापरांवर बोट फिरवत बसायची. त्या खापरांना थोडी ओली माती चिकटलेली असायची. कुणी बघत नाही असं पाहून ती माती नखानं काढून हुंगायची. या वयात, एवढी शिकलेली बाई! पण जीव जायचा तिचा त्या वासासाठी, आता काय करायचं?

पाहुणे उन्हं वर आल्यावर आले. विभागप्रमुख मल्लिकार्जुन बिराजदार सर म्हणजे भारदस्त, गोड बोलणारा माणूस. मागं अमरनाथ, हातात मिठाईचा पुडा. कुलदीपनं टोप्या घातल्या, नारळ दिले. पांडवांची पूजा झाली, रानभर आंबील शिंपडून झाली आणि पंगत बसली. पाहुणे चटईवर, दीपमाला खुर्चीवर. तिचं ताट एका पालथ्या टोपल्यावर ठेवलेलं.

"वा, वहिनी! अशी भज्जी शहरात मिळणार नाही," सर म्हणाले आणि बाजरीचा तिसरा उंडा घेतला. आंबिलीचा पेला तर त्यांनी दोनदा भरून मागितला. माणूस मोकळा झाला होता. दीपमालेनं बघितलं, हीच वेळ.

"सर, सोमवारच्या पाहणीचं विचारायचं होतं. माझं नाव का नाही?"

सरांनी आंबिलीनं भरलेल्या मिशा पुसल्या. "अहो मॅडम, तुम्ही विभागात बसून सूत्रं हलवायची. ही उन्हातान्हाची कामं पोरांची."

"ही आखणी माझी आहे सर. बसून करायची पाहणी आहे. बसायला मला कुणाची मदत लागत नाही."

"मान्य. शंभर टक्के मान्य. पण आम्हालाही जबाबदारी आहे ना? शिवाय तुमच्या घरच्यांची इच्छा नसताना मी कसं नाव टाकू?" सर मोठ्या प्रेमानं कुलदीपकडं वळले. "कुलदीपराव, तुम्हीच सांगा. दर हंगामाच्या आधी मी तुम्हाला फोन करतो की नाही? तुम्हाला विचारल्याशिवाय एकदा तरी यांना बाहेर पाठवलं का? फुलासारखं जपलंय हो आम्ही."

वर्षाराणीच्या हातातली पळी पातेल्यावरच थांबली. कुलदीपनं मान खाली घालून भज्जीत उंडा कालवायला घेतला.

"दर हंगामाला?" दीपमाला म्हणाली.

"अक्का, आदी जेव. मग बोलू."

"दर हंगामाला फोन येतो तुला? आणि तू न्हाय म्हणतोस?"

"तुझ्या भल्यासाठीच म्हणलो ना."

दीपमालेला राग यायच्या आधी हसू आलं. ती अमरनाथकडं वळली. "का रे अमरनाथ, सर तुझ्या घरी पण फोन करतात का? तुझ्या बायकोला विचारतात का, पोराला उन्हात पाठवू का म्हणून?"

अमरनाथनं हातातला घास ताटात ठेवला. "नाही मॅडम." तो पाणी प्याला. "मला खरंच हे माहीत नव्हतं. मला सांगितलं की तुम्हीच नको म्हणालात."

"मी नको म्हणाले?"

सर गडबडले. "तसं नव्हे, तसं नव्हे... घरचे म्हणाले म्हणजे एका अर्थानं..."

म्हणजे इतके हंगाम गेले ते असे. तिनं आपल्या मनाशी कितीदा हिशोब मांडला होता. आपलं काम कमी पडलं का? सरांना आपण खुपतो का? जातीचं, गटाचं काही आहे का? मागच्या वर्षी तर ती आणखी दोन शोधनिबंध लिहून मोकळी झाली होती, निदान त्यामुळं तरी नेतील म्हणून. आणि इकडं तिचा सख्खा भाऊ तेरच्या पारावर उभा राहून फोनवर, "नको सायेब, अक्काला झेपायचं न्हाय," म्हणत होता. तिनं ताट बाजूला सारलं.

"कुलदीप, पहिल्या वर्षी मी समजू शकते. तू दवाखान्यात आलास, माझा हात बघितलास, घाबरलास. पण यंदा? यंदा तर पाहणी आपल्याच शिवारात. घरनं डबा येईल, रात्री आपल्याच माडीवर झोपेन. यंदा कामून न्हाय म्हणलास?"

कुलदीपनं हळूच आईकडं बघितलं. एवढंसंच बघितलं, पण सगळ्यांनी पाहिलं.

"सांगून टाका की आता," वर्षाराणी नवऱ्याला म्हणाली. "किती दिवस झाकायचं? अक्का, हे एकट्याचं न्हाय. आत्याबाईंनी सांगितलं व्हतं."

"तुला ठाऊक होतं?"

"व्हतं." वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्या म्हणलं व्हतं, अक्कास्नी इचारा. मला म्हणले, तू परक्या घरची, तुला काय कळतंय."

हे दीपमालेला सगळ्यात लागलं. या घरात कुणाशी बिनसलं तरी आई आपली, असं ती आजवर धरून चालली होती. शिकायला जाऊ नको म्हणून भावकी उठली तेव्हा आईच आडवी पडली होती. लग्नाचा विषय आईनंच मिटवला होता.

"आई?"

धुरपदाबाई चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"व्हय. म्याच सांगितलं. पाव्हण्यांम्होरं आता तमाशा नको."

"पाव्हण्यांम्होरंच पाहिजे. पाव्हण्यांना सांगूनच माझं नाव कापलंय."

"मग ऐक!" म्हातारी एकदम वळली. तोंड लालबुंद झालं होतं, ते चुलीनं की कशानं देव जाणे. "दुसऱ्या गावाला गेलीस तर गेलीस, मला दिसत न्हाय. पर ह्या गावात? ह्या रानात तू परत भुईवर बसून सरपटायचं? तुला आठवत न्हाय, मला आठवतंय. पोरं तुला बगून 'सरप आला, सरप आला' म्हनून पळायची. मोठी मानसं बी हसायची. तुज्या बापानं ट्रॅक्टरची ट्यूब कापून तुज्या बुडाला बांदली व्हती, कातडं सोलू न्हाय म्हनून. तुला लोखंडी पाय मिळाला त्या दिशी म्या ती ट्यूब चुलीत घातली. घातली आन् म्हनलं, आता माजी लेक पुन्ना भुईवर दिसायची न्हाय कुनाला."

शेजारच्या वावरातली पंगत इकडं कान देऊन बसली होती. सर चटईवर अवघडून बसले होते, त्यांना उठावं की बसावं कळेना.

"तुज्या कालेजात आले व्हते एकदा," धुरपदाबाईंचा आवाज खाली आला. "दारातनं बगितलं. सगळी पोरं बसल्याली आन् माजी लेक फळ्याम्होरं उभी. उभी! तवा डोळं निवलं बग माजं. अजून झोप आली न्हाय की म्या त्येच आठवते. आन् तू म्हनतीस, गावाम्होरं खाली बसते."

आईवर रागवावं की आईच्या गळ्यात पडावं, दीपमालेला कळेना. एवढ्या वर्षांत आईनं ही फळ्याची गोष्ट तिला कधी सांगितली नव्हती.

"आई, त्या फळ्याचं सांगू का तुला? तू दारातनं बघितलंस तेव्हा मी उभी होते खरी. पण एक हात टेबलाला घट्ट धरलेला होता. तास संपेस्तोवर पाठीतनं कळा जातात. मी पोरांना काय शिकवते त्याच्याकडं निम्मं ध्यान, आणि आपण पडू नये याच्याकडं निम्मं. रोज. आणि भुईवर बसले ना, की माझं काहीच दुखत नाही. सगळं ध्यान कामावर. मी पायऱ्यांवर पडलेय, फरशीवर पडलेय, स्टेजवर शाल घेताना पडलेय. भुईवर मी कधी पडले नाही गं आई."

धुरपदाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि पुन्हा चुलीकडं तोंड केलं.

आता सरांना राहवेना. मनानं माणूस वाईट नव्हता, गडबडला होता. "हे बघा, गैरसमज झाला असेल तर तो आत्ता मिटवू. कुलदीपराव, तुमची हरकत नसेल तर तुम्ही हो म्हणा. मी काहीतरी करतो."

"व्हय सायेब, माझी कसली हरकत?" कुलदीप घाईघाईनं म्हणाला. त्यालाही सुटायचं होतं. "मी हो म्ह..."

"कुलदीप, गप!"

कुलदीप गप झाला. लहानपणीही या आवाजापुढं तो असाच गप व्हायचा.

"तू हो म्हणायचं न्हाय. आज तू हो म्हणलास म्हणून मी गेले, तर पुढच्या हंगामाला परत तुझ्याच तोंडाकडं बघत बसायचं मी. सर, मी पुढ्यात बसलेय. मला विचारा."

सरांनी तोंड उघडलं. आणि गंमत बघा, विचारायच्या आधी त्यांची नजर सवयीनं ज्ञानोबांकडं गेली. घरातला कर्ता पुरुष तो, त्याची मान हलली म्हणजे बरं. ज्ञानोबा आतापर्यंत एका कडेला हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. सोलायचे थांबले.

"माज्याकडं काय बगता, सायेब? लेक माजी आसली तरी नोकरी तिची हाय. तिच्याकडं बगा."

धुरपदाबाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. ज्ञानोबांनी पुन्हा घाटे सोलायला घेतले.

सरांनी मग खाकरून घसा साफ केला. "दीपमाला मॅडम, तुम्ही... म्हणजे तुमची तयारी आहे का?"

"आहे."

"झेपेल?"

"न झेपलं तर मी सांगेन. मी सांगेपर्यंत झेपतंय असं धरायचं."

"पण यंदा प्रमुखाचं नाव वर कळवून झालंय. ते आता बदलायचं म्हणजे..." सर पुन्हा आपल्या ओळखीच्या वाटेवर आले. "पुढच्या वर्षी नक्की. माझा शब्द."

"प्रमुख अमरनाथच राहू दे. मी रजा टाकते आणि त्याच्या हाताखाली येते."

"अहो, काय बोलता? प्राध्यापकानं विद्यार्थ्याच्या हाताखाली? बरं दिसेल का ते?"

"बरं दिसण्यापायीच तर एवढी वर्षं गेली, सर."

अमरनाथ उठून तिच्या खुर्चीजवळ आला. त्याचे कान लाल झाले होते.

"मॅडम, हाताखाली म्हणू नका. मला लाज वाटते. तुम्ही पात धरून बघायचं लिहिलंय, ते मी पोरांना समजावलंय, पण खरं सांगू का, मी स्वतः एकदाही तसं बघितलेलं नाही. आमचे गुडघे दुखतात, आम्ही उठतो आणि चालायला लागतो."

"मग सोमवारी काय करणार होतास?"

"चालणारच होतो."

दीपमाला हसली. मनापासून. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिच्याशी कामाचं बोललं होतं. तिनं पुढं बघितलं. सोयाबीन काढलेलं वावर नदीच्या झाडांपर्यंत मोकळं पडलं होतं, काळं, भेगाळलेलं, मधेच कुठं कुठं धसकटं. याच वावरात तिला पहिला मणी सापडला होता, लालसर, हरभऱ्याएवढा. आणि मणी दाखवायला ती आईकडं सरपटत गेली तेव्हा आईनं आधी तिचे गुडघे बघितले होते. ते का, हे तिला आज कळलं. या वावरात यायला तिचा जीव तिकडं टेबलाशी बसून इतका तुटला होता, आणि आज सकाळपासून ती त्याच्या काठावर खुर्चीत बसून होती. हातभर अंतरावर.

तिनं कुबडी चटईवर आडवी ठेवली आणि खाली वाकून कॅलिपरचे पट्टे सोडायला सुरुवात केली.

"अक्का!" कुलदीप पुढं झाला.

"हात लावायचा न्हाय."

तो तिथंच थांबला. वर्षाराणीनं त्याचा दंड धरला. एक पट्टा सुटला, दुसरा सुटला. लोखंड निघालं. दीपमालेनं खुर्चीचा हात धरला, दुसरा तळवा जमिनीवर टेकला आणि ती खाली उतरली. भुई ऊबदार होती. ती क्षणभर नुसतीच बसून राहिली, दोन्ही हात मातीत रोवून. मग वर्षाराणीनं न विचारता पुढं केलेलं रिकामं पोतं तिनं बुडाखाली घेतलं.

"अमरनाथ, बस. असा न्हाय, उकिडवा न्हाय. बूड टेकून बस, पँट मळू दे. तुझी पात एवढी, माझी एवढी. हात पोचंल तेवढंच बघायचं. आणि सापडलं की उचलायचं न्हाय, आधी बघायचं, कसं पडलंय."

अमरनाथ बसला. सर चटईवरून उठून उभे राहिले होते, आंबिलीचा पेला हातातच होता. शेजारच्या वावरातली माणसं जेवायची थांबून बांधावर आली होती. एक म्हातारी कुणाला तरी, "ज्ञानोबाची पोरगी न्हवं का ती? पोफेसर?" असं विचारत होती. पोरं हसतायत का, ते दीपमालेनं बघितलं नाही.

ती सरकली. हात पुढं, मग अंग पुढं. जुनी चाल अंगात जशीच्या तशी होती. ढेकूळ फोडलं, विटकरीचा खडा निघाला. शिंपल्याचा चुरा. पुढं नांगराच्या तासात एक खापर अर्धं रुतून बसलेलं, साधंच, जाड, रांजणाचं असावं. काठ वर, पोट खाली. तिनं ते उचललं नाही. त्याच्या कडेची माती बोटानं थोडी मोकळी केली, आणि तिला वाटलं आता आपण रडणार.

"उताणं पडलंय," ती म्हणाली. "बघ अमरनाथ, उताणं."

"टिपून घेतो मॅडम."

तिनं मागं वळून बघितलं. सर बघत होते, ज्ञानोबा बघत होते, कुलदीप तोंडावर हात ठेवून बघत होता. सगळं शिवार बघत होतं. फक्त आई बघत नव्हती. चुलीपाशी ती पाठमोरी बसली होती आणि राखेनं पातेलं घासत होती. मघाच घासलेलं पातेलं ती परत घासत होती. दीपमालेला त्या पाठीकडं बघून वाटलं, एकदाच बघ गं, आई. मी बरी आहे, एवढं तरी बघ. हाक मारायचं तिच्या ओठावर आलं, पण तिनं मारली नाही. हाक मारून कुणी बघत नसतं. तिनं तोंड फिरवलं, हात पुढं टाकला आणि बांधाच्या बाजूला सरकायला लागली.

"तिकडनं नगं," मागून आवाज आला. पातेलं घासण्याचा आवाज थांबला होता. "तिकडं बाभळीचं काटं पडल्यालं हाईत. हिकडनं ये, नदीच्या अंगानं."